रेवस ते रेडी, आणि त्याच्याही पुढे

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, पांढरा आणि काळा. मध्ये किल्ल्याचा डोंगर पाण्यात घुसलाय. त्याच्या मिऱ्याकडच्या अंगाला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, फिकट आहे, मांडवीकडच्या अंगाला काळपट. पाणी दोन्हीकडे तेच. एका डोंगराच्या दोन बाजूंना, चालत तासाभराच्या अंतरात, वाळू इतकी बदलते याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आलंय. ते अजून संपलेलं नाही, म्हणून हा लेख.

मांडवीची चिमूटभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरायची आणि दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग डोळ्याला लावायचं. काळी म्हणून जी वाळू आपण पायाखाली तुडवतो तिच्यात काळे कण असतात, पण सगळे नसतात. काळे चकचकीत कण बहुतांशी इल्मेनाइटचे. लोखंड आणि टायटॅनियम यांचं हे खनिज सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आणि जांभ्यातून सुटून नद्यांबरोबर खाली येतं. त्यांच्या मधेमधे काचेसारखे पारदर्शक कण असतात, विटकरी रंगाचे जांभ्याचे कण असतात आणि शिंपल्यांचा चुरा असतो. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की शिंपल्याचे कण फसफसतात, बाकीचे ढिम्म राहतात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवलं की काही काळे कण टुणकन उडून चिकटतात. ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. इल्मेनाइट चुंबकाकडे जातं, पण तितक्या ओढीने जात नाही. शाळेत भूगोल शिकवताना मी हा प्रयोग वर्गात करत आले आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येताना पाहिली आहेत.

मी वाळू जमवते. होमिओपॅथीच्या काचेच्या छोट्या कुप्या असतात, त्यात एका किनाऱ्याची चमचाभर वाळू. धुवायची नाही, नुसती सावलीत वाळवायची. कुपीला चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख, भरतीच्या रेषेच्या वरून घेतली की खालून, आणि कुणी आणली. या चिठ्ठीबाबत मी फार कडक आहे. कुणी प्रेमाने पिशवी भरून वाळू आणून दिली आणि 'कुठली ते आठवत नाही, गोव्याच्या बाजूची असेल' म्हणाले, तर मी ती अंगणातल्या तुळशीत घालते. गाव आणि दिवस माहीत नसेल तर ती वाळू कुणालाच काही सांगू शकत नाही.

दिवस का, तर किनारा वर्षभर एक नसतो. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा पुळणीवरची हलकी वाळू ओढून आत नेतात. इल्मेनाइट जड, गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, कणापेक्षा दीडपटीहून जास्त जड, ते मागे राहतं. म्हणून काळबादेवीला, नेवऱ्याला, मालगुंडला पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्या सरल्या काळे पट्टे उठून दिसतात. दिवाळीनंतर समुद्र निवतो आणि नेलेली वाळू हळूहळू परत आणून टाकतो. तेव्हा तोच किनारा फिकट होतो. एका गावाच्या दोन कुप्या तरी हव्यात, एक श्रावणातली आणि एक पौषातली. पर्यटक पौषातला किनारा बघून जातात आणि श्रावणातला फक्त तिथे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

उत्तरेकडून खाली यायचं म्हटलं तर काशीदची वाळू पांढुरकी आणि मऊ, शिंपल्याचा अंश भरपूर. दापोली तालुक्यात लाडघरला तांबूस गोटे आणि तांबूस वाळू. तिथल्या समुद्राला तामसतीर्थ म्हणतात, कारण तळाच्या त्या रंगामुळे पाणीच तांबडं भासतं. त्याच तालुक्यात केळशी. केळशीपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळते. भारजा नदीच्या मुखाशी तिथे वाळूची आख्खी टेकडी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याने जमलेले वाळूचे उंचवटे खूप आहेत, पण इतकी उंच टेकडी दुसरीकडे मी पाहिलेली नाही. तिच्या पोटात जुनी खापरं आणि नाणी सापडली. १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना वारा नसताना समुद्र एकाएकी खवळला, गलबतं हेलकावू लागली, अशी नोंद आहे. काही संशोधकांनी केळशीच्या टेकडीचा संबंध त्या काळात आलेल्या एखाद्या प्रचंड लाटेशी जोडला आहे. सगळ्यांना तो मान्य नसेल. पण त्या टेकडीवर उभं राहिलं की पायाखालच्या थरांमध्ये कुणाचा तरी मोडलेला संसार आहे हे विसरता येत नाही. ती टेकडी गेल्या काही दशकांत बरीच कापली गेली, खणली गेली. माझ्याकडची केळशीची कुपी मी हातात घेते तेव्हा मला रागही येतो.

पुढे रत्नागिरीची काळी-पांढरी. देवगड ओलांडून मालवणकडे सरकलं की जमिनीचा पाषाणच बदलतो. काळा पाषाण मागे पडतो, त्याहून कितीतरी जुने गारेचे, ग्रॅनाइटी जातीचे खडक वर येतात आणि तारकर्ली, वेंगुर्ला, शिरोडा इथली वाळू उजळ होत जाते. भिंगाखाली ती साखरेसारखी दिसते. आणि अगदी शेवटी, गोव्याच्या उंबरठ्यावर, रेडी. तिथे लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि खनिजाचे तांबूस काळे कण वाळूतही भेटतात. नकाशात बोटभर दिसणाऱ्या पट्टीत इतकं सगळं आहे.

इथे भूगोलाच्या शिक्षिकेला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. देशाच्या किनाऱ्याची नव्याने मोजदाद झाली तेव्हा आपला आकडा ८७७ च्या पुढे गेला आणि भारताचा साडेसात हजारांवरून अकरा हजारांच्या वर. जमीन वाढलेली नाही. मोजपट्टी बारीक झाली. आधी जी खाडी, जो खडकाचा कोपरा सरळ रेषेत ओलांडून जायचे, तो आता वळसा घालून मोजला. किनारा जितक्या बारकाईने मोजावा तितका लांब होतो, हे गणित जगभरच्या किनाऱ्यांना लागू आहे. मला यात अपार आनंद वाटतो. माझ्या संग्रहाला लागणारी वाट यामुळे कधीच आखूड होणार नाही.

सुरुवात मात्र कोकणातून झाली नव्हती. वडील एकदा दक्षिणेची सहल करून आले होते आणि त्यांनी कन्याकुमारीहून प्लास्टिकची चपटी पाकिटं आणली होती. त्यात निरनिराळ्या रंगांची वाळू, लाल, काळी, पिवळी. देवीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं, आणि वऱ्हाडासाठी रांधायचं राहिलेलं धान्य किनाऱ्यावर वाळू होऊन पडलं, ही तिथली कथा त्यांनी सांगितली. लाल वाळू गार्नेट नावाच्या खनिजाची असते हे मला पुढे कॉलेजात कळलं. तेव्हा इतकंच कळलं होतं की आपल्या मांडवीसारखी काळी वाळू देशाच्या टोकालाही आहे आणि तिच्या शेजारी लाल आहे, जी आपल्याकडे नाही. ती आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मला पडला आणि तिथे जावंसं वाटलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच पाकिटातून आल्या.

आता महत्त्वाकांक्षेबद्दल बोलते.

कोकणात महत्त्वाकांक्षेचा एक ठरलेला रस्ता आहे. तो मुंबईला जातो. पूर्वी बोटीने, मग एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने. आमच्या घरातून सगळे गेले. गणपतीला, शिमग्याला येतात, पडवीत बसतात, फणसाचे गरे खातात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, 'तुझं बरं आहे गं, तू समाधानी राहिलीस.' त्यांच्या मनात प्रेम असतं, पण हे वाक्य मला मान्य नाही. गावात राहणारा माणूस समाधानी असतो आणि जाणारा महत्त्वाकांक्षी, अशी वाटणी कुणी केली? मी राहिले, कारण मला इथली नोकरी मिळाली, इथे घर होतं, म्हातारी माणसं होती. हवं असणं त्यामुळे कमी झालं नाही. मला खूप काही हवंय आणि ते मी उघडपणे सांगते.

आपल्याकडे बाईने असं सांगितलं की त्याला लगेच हाव म्हणतात. माझ्या आईला काशीला जायचं होतं. यात्रेला जाणं ही एकच गोष्ट अशी होती की बाईला घराबाहेर लांब जावंसं वाटलं तर कुणी नाव ठेवत नसे. आईचं जाणं झालं नाही. शेजारच्या काकी जाऊन आल्या, त्यांनी डाख लावून बंद केलेला तांब्याचा गंगेचा गडू आणून दिला, तो देवघरात राहिला. आई त्याची रोज पूजा करायची. मी बाहेरून आणलेली वाळू कुपीत भरते आणि बंद करते तेव्हा मला तो गडू आठवतोच. लांबच्या ठिकाणचा एक अंश घरात आणून जपणं आईला अगदी सहज कळत होतं. माझ्या संग्रहाला तिने कधी 'कशाला' म्हणून विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं.

आणि वाळू घेऊन प्रवास करणं ही तर जुनी रीत. रामेश्वराला गेलेला यात्रेकरू तिथली सेतूची वाळू घेऊन निघतो, ती प्रयागला त्रिवेणी संगमात सोडतो आणि गंगेचं पाणी घेऊन पुन्हा रामेश्वराला येऊन अभिषेक करतो. तेव्हा कुठे यात्रा पुरी होते. देशाच्या एका टोकाची वाळू दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवायची, यासाठी लोकांनी पायांची चाळण करून घेतली. त्या माणसांना प्रदेश कळत होता, असं मला वाटतं. नुसतं जाऊन परत येण्यात त्यांना प्रवास पुरा झाल्यासारखा वाटत नव्हता.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे याच किनारपट्टीतले. घरात कर्ज झालं होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून ते उत्तरेत निघाले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळवलेलं सगळं लुटलं गेलं. इतकं झाल्यावर कुणीही जीव घेऊन सरळ घर गाठलं असतं. त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली, ती वरसईपर्यंत पायी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. मी हे वाचलं तेव्हा आधी कावडीच्या वजनाचा विचार केला. पाणी जड असतं. हजार मैल खांद्यावर पाणी वाहून आणायचं तर माणसाला ते फार नेमकेपणाने हवं असावं लागतं.

हे नेमकेपण मला वाळूने शिकवलं. 'जग बघायचंय' असं सगळेच म्हणतात. मीही म्हणायची. त्या वाक्यातून कधी काही घडलं नाही, कारण जग बघायला निघायचं तर स्टेशनावर कुठलं तिकीट मागणार? कुप्या वाढत गेल्या तसं मला कळत गेलं की माझ्याकडे काय नाही. तिथून मग ठिकाणं नावानिशी पुढे आली. अशी तीन सांगते.

पहिलं, हवाई बेटांच्या अगदी दक्षिण टोकाजवळचं पापाकोलेआ. तिथली वाळू हिरवी आहे. ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे कण, एका जुन्या ज्वालामुखीच्या राखेच्या टेकडीतून समुद्राने कुरतडून काढलेले. ऑलिव्हिन आपल्या सह्याद्रीच्या पाषाणातही असतं, म्हणूनच मला ते बघायचंय. पण हे खनिज हवापाण्यात लवकर कुजतं. आपल्याकडे ते किनाऱ्यापर्यंत टिकत नाही, तिथे उगमच किनाऱ्यावर आहे म्हणून टिकतं. म्हणजे आपल्या डोंगराने जे वाटेत गमावलं ते तिथे ढिगाने पडलंय. गाडीरस्ता सोडून चारेक किलोमीटर उन्हातून चालावं लागतं. गुडघे शाबूत आहेत तोवर ते जमवायला हवं.

दुसरं, इटलीच्या सार्डिनियाजवळचं बुदेल्ली बेट. तिथली वाळू गुलाबी. फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशी जिवाचं गुलाबी कवच फुटून वाळूत मिसळतं. पाहुण्यांनी ही वाळू मुठी भरभरून नेली, इतकी की १९९४ पासून त्या पुळणीवर पाय ठेवायलाच बंदी आहे. सार्डिनियात कुठल्याही किनाऱ्यावरची वाळू उचलली तर ५०० ते ३००० युरो दंड आहे, तसा कायदा २०१७ मध्ये झाला.

तिसरं, जपानच्या दक्षिणेकडचं ताकेतोमी. लहानसं बेट. तिथल्या किनाऱ्यावरचे काही कण ताऱ्यांच्या आकाराचे आहेत. तेही एकपेशी जिवांची घरं, बॅक्युलोजिप्सिना हे त्यांचं नाव. वाळूवर तळहात दाबायचा आणि हाताला चिकटलेल्या कणांत तारे शोधायचे, अशी तिथे पद्धत आहे.

आता यातली गोम लक्षात आली असेल. ज्या तीन जागची वाळू मला सर्वांत जास्त हवी आहे ती मला आणता येणार नाही, आणि मी आणणारही नाही. हवाईतही किनाऱ्यावरची वाळू नेणं कायद्याला धरून नाही. जमवणाऱ्याला हे जड जाईल असं वाटतं ना? मला ते पटतं, आणि पटल्यामुळे हलकं वाटतं. बुदेल्लीची बंदी योग्य आहे. एकेका माणसाच्या बाटलीने किनारा उघडा पडतो, हे तिथे घडलंय. माझ्या चमचाभर वाळूची मी इतकी काळजी घेते ती यासाठीच. वेळासला मी किनाऱ्यावरून वाळू उचलत नाही. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. कासवाची मादी वाळूत अंडी पुरून जाते, पुढे पन्नासेक दिवस त्यांना वाळूच उबवते. वाळू किती तापते यावर पिल्लं नर की माद्या हे ठरतं, जास्त तापली तर माद्या जास्त. अशा वाळूतून चमचाभरही कशाला काढायची? वेळासची कुपी आहे माझ्याकडे, पण ती मला एका घराच्या अंगणातून मिळाली. बांधकामासाठी फार पूर्वी आणलेल्या ढिगातली उरलीसुरली. चिठ्ठीवर तसं लिहिलंय.

आणि हे सगळं पाळत असताना रात्री खाडीवर सक्शन पंप चालू असतात, सकाळी डंपर ओळीने जातात. त्याचा हिशेब कुणाच्या कुपीत मावणारा नाही. खाडीच्या तोंडची वाळू उपसली की पुळणीला मिळणारी भरपाई तुटते, मग लाटा माडांची मुळं उघडी करतात, मग दगडांचा बंधारा येतो आणि बंधाऱ्यापुढे पुळण राहतच नाही. शिकवून शिकवून मला हा क्रम पाठ झालाय, आता तो घराजवळ बघायला मिळतो. माझ्या काही कुप्यांवर ज्या जागांची नावं आहेत तिथे आज पाय टाकायला वाळू नाही. त्यामुळे संग्रहामागची माझी इच्छाही बदलत गेली. रेवस ते रेडी, प्रत्येक पुळणीची पावसाळी आणि हिवाळी वाळू, नीट चिठ्ठीसकट, एका ठिकाणी असावी. पुढे एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती जावी. कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली धरून म्हणावं की या साली इथे अमुक होतं. माझी महत्त्वाकांक्षा ती हीच. पैसा, नाव यांच्याशी तिचा संबंध नाही, तरी ती लहान आहे असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्या आळीत एक निवृत्त खलाशी राहतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. उभी हयात मालवाहू बोटींवर गेली. सुरुवातीला मी त्यांच्याकडे फार आशेने गेले होते, एवढं जग फिरलेला माणूस, किती किनारे पाहिले असतील. ते हसले. 'बाई, आम्ही बंदरं बघितली. क्रेन बघितल्या. रोटरडॅम काय नि सिंगापूर काय, माल उतरला की बोट सुटली. पुळणीवर पाय ठेवायचा तर आपल्या मांडवीला यावं लागायचं.' तरी त्यांनी पुढे पुतण्याला सांगून ओमानहून वाळू मागवून दिली, वाळवंटातली. ती भिंगाखाली धरली तर कण गोल गोल, घासलेल्या काचेसारखे धुरकट. वाऱ्याने एकमेकांवर आपटून असे होतात, पाण्यातल्या कणांना इतका गोलावा सहज येत नाही. मी ते चाचांना भिंगातून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'मस्कतला मी कितीदा जाऊन आलो, पण मस्कत आज बघितलं.' तेव्हापासून नात्यातलं कुणी आखातात निघालं की चाचाच त्याला बजावतात, गाव आणि तारीख लिहून आण.

लांबच्या प्रवासाचं वय निघून गेलं असं मला कुणी सांगू लागलं की मी कर्व्यांचं नाव घेते. महर्षी धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, आजोळी शेरवलीला, वाढले दापोलीजवळच्या मुरुडला. पोरवयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, पावसाळी दिवसांत, घाट चढून. तिथे अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या पावली परत. ही गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगतात आणि इथेच थांबतात. मला पुढची जास्त आवडते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. तीतून त्यांना नेमकं काय करायचंय ते सापडलं आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. मग १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, हा माणूस जगाच्या प्रवासाला निघाला. युरोपातल्या शिक्षण परिषदा केल्या, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, अमेरिका केली आणि येताना टोकियोला गेले. घरी येऊन पुरतं वर्षही झालं नाही तोच आफ्रिकेला निघाले. हिंडण्याची हौस होती म्हणून गेले नव्हते, विद्यापीठाची माहिती द्यायची होती, वर्गणी जमवायची होती. पण टोकियोत पोचल्यावर, ज्या पुस्तिकेने आपल्या हातून एवढं करून घेतलं तिच्यातली जागा डोळ्यांनी बघताना त्यांना काय वाटलं असेल? मुरुडच्या पुळणीवरून गेल्यावर दर वेळी माझ्या मनात हा प्रश्न येतो. साताऱ्याहून परत आलेला मुलगा आणि टोकियोत उतरलेला म्हातारा यांच्यामध्ये पन्नासहून जास्त वर्षं आहेत. इतका काळ टिकणारी इच्छा हे मला समाधानापेक्षा मोठं धन वाटतं.

मुरुडची वाळू करडी आहे, बारीक, ओली असताना पायाला घट्ट लागते. माझ्या कपाटात ती कन्याकुमारीच्या लाल वाळूशेजारी ठेवली आहे. भूगोलाच्या दृष्टीने हा क्रम चुकीचा आहे, पण तो बदलणार नाही.

शाळेतून निवृत्त झाले की पहिला मोठा प्रवास ताकेतोमीचा. तीनांतलं तेच आधी का, तर कारण मालवणचं आहे. मालवणच्या वाळूत शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मला फोरामिनिफेरांची कवचं सापडली, काही गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, टाचणीच्या टोकाहून लहान. ताऱ्यांच्या आकाराची अर्थातच नाहीत. पण नातलग आहेत, आणि नातलगांकडे आधी जायचं असतं. पासपोर्ट काढून झालाय. मुंबईहून टोकियो किंवा ओसाका, तिथून ओकिनावाच्या टापूतलं इशिगाकी विमानाने, आणि इशिगाकीहून बोटीने थोडक्यात ताकेतोमी. दाभोळहून धोपाव्याला तरीने जायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ, असा माझा अंदाज. वाळू किनाऱ्यावरून घ्यायची नाही. दुकानात छोट्या बाटल्या विकत मिळतात, पण त्याही मला नकोत. दुकानातल्या बाटलीवर तारीख कुठे असते? भिंग नेणार, वही नेणार, आणि हातावरचे तारे मोजून, काढून, परत तिथेच झटकणार. वहीत चित्र काढायला मिळालं तरी पुष्कळ आहे.

त्याआधी इथली कामं आहेत. रायगडच्या दक्षिणेकडचे काही किनारे पावसाळ्यात झालेले नाहीत, श्रीवर्धनकडून एका जुन्या विद्यार्थिनीने पाठवते म्हटलंय, तिला चिठ्ठीचा नमुना पाठवायचाय. निवतीची हिवाळी वाळू आहे, श्रावणातली राहिली. तिथे त्या दिवसांत उतार निसरडा असतो आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा सोबतीला कुणी लागेल. चाचा येतो म्हणालेत.